साडेतीनचं गिऱ्हाईक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर शर्ट पुढून उघडा पडला. बटणं नाहीत. का नाहीत, ते पुढे येईलच.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझी साखर आटोक्यात आहे ना? इकडे सगळे खुशाल, आणि या वेळी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

बाबांच्या विसरण्यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तुला ठाऊकच आहे. रोज चार वाजले की कोट चढवून ते दुकान उघडायला निघायचे. मी दार अडवून सांगायचो की बाबा, तुमचं शिवणकामाचं दुकान विकून दहा वर्षं झाली. मग जो आरडाओरडा व्हायचा, त्याने अख्खी इमारत जिन्यात गोळा व्हायची. शेवटी अशा माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. मला वाटलं, बाबांना चार गोष्टी सुनावतील. त्यांनी वही दिली ती मला! रकाने तीन: आधी काय घडलं, बाबांनी काय केलं, नंतर काय झालं. पंधरा दिवस मी ती इमानेइतबारे भरली. (शाळेत एवढा गृहपाठ केला असता तर बाबांचा मार वाचला असता.) बाईंनी वही चाळून नुसती माझ्यापुढे धरली. पहिल्या रकान्यात रोज एकच: 'मी म्हणालो, दुकान विकलं.' म्हणजे ती बातमी बाबांना रोज नव्याने कळत होती, आणि देणारा रोज मीच. फार लाज वाटली गं.

आता साडेतीनलाच, कोटाची आठवण होण्याआधी, मी बटण तुटलेला शर्ट घेऊन त्यांच्यापुढे हजर होतो. डोकं विसरलं तरी हात सुई विसरलेले नाहीत. चार वाजून जातात, कोट खुंटीवरच राहतो. घरातले तुटके शर्ट आठवड्यात संपले, तेव्हा मी चांगल्या शर्टांना कात्री लावली. ऑफिसात एक निळं, दोन पांढरी आणि एक पितळी बटण लावून जातो. साहेबांनी विचारलं, तर म्हणालो, वैद्यकीय कारण आहे.

गंमत म्हणजे बाबा मला गिऱ्हाईक समजतात. जन्मभर 'गाढवा' म्हणणारा माणूस 'बसा साहेब' म्हणतो, पाणी विचारतो. पन्नाशी उलटल्यावर घरात मान मिळाला, तो असा. काल धीर करून विचारलं, मुलं बघतात का तुमच्याकडे? दाताने दोरा तोडत म्हणाले, "मुलगी लांब असते, पण जीव लावते. मुलगा जरा आगाऊ आहे. पण मला कुठे धाडायचा नाही."

तुझा,
आगाऊ

ता. क. भावोजींचे जुने शर्ट पाठव. बटणं राहू देत, मी इथे तोडीन.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच. गेल्या महिन्यात वृद्धाश्रमाचा फॉर्म मी तुझ्याकडे सहीला पाठवला होता, तो फाडून टाक. बाबांपाशी त्याबद्दल कधी बोलू नकोस. ते विसरतील, मी विसरणार नाही.