झॅप-सत्तरचा खातमा

३ मार्च, सकाळ
डॉक्टरांनी मानेतल्या गाठी चाचपल्या. रक्ताचा कॅन्सर, सहसा सावकाश वाढणारा, म्हणाले. झॅप-सत्तर नावाच्या प्रोटीनची टेस्ट केलीय. ते पेशींना आतून निरोप पोचवतं: वाढा, मरू नका. ते जितकं जास्त, तितका आजार जहाल. रिपोर्ट यायला वेळ आहे.
नावात सत्तर. मी बहात्तरचा. धाकट्यानं इतका उर्मटपणा करावा? निश्चय: रिपोर्ट यायच्या आत त्याचा मुडदा पाडायचा.

४ मार्च
जुनी गादी गुंडाळून चौकटीला टांगली. खडूनं वर शत्रूचं नाव. शाळेत वीररसाची कविता म्हणताना गुरुजी टेबलावर छडी आपटायचे. तिरप्या उन्हात खडूची धूळ उडायची. काय दिवस होते. त्याच ठेक्यात गादीला शंभर ठोसे. निदान वीस तरी.

६ मार्च
हातांवर जांभळे डाग. शत्रूचं रक्त, मी हिला म्हटलं. ही म्हणाली, अहो, शत्रू तुमच्याच रक्तात बसलाय, दुसऱ्या कुणाचं असणार?
बायकांना रणनीती कळत नाही.

९ मार्च
काठीनं गादी फाडली. कापूस घरभर. आरसा मध्ये आला, फुटला. मेव्हणा आवरायला धावला, म्हणाला, भावजी, गादीनं काय घोडं मारलंय तुमचं? माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं. बेसिन लालभडक. युद्धात असं होतंच. माफी मागणार होतो, पण शिस्त बिघडते.

१३ मार्च
रिपोर्ट आला. झॅप-सत्तर भरपूर. गाठीही झपाट्यानं वाढल्यात, उपचार लगेच. माझी छाती फुगली: तोलामोलाचा शत्रू. शस्त्र कोणतं, विचारलं. डॉक्टर म्हणाले, रोज एक कॅप्सूल, पाण्याबरोबर. पेशीतला निरोप मध्येच तुटतो. मात्र रक्तस्राव चटकन होईल, तेव्हा मारामारी, धडपड बंद. दाढीचं ब्लेडसुद्धा नको. मग मी काय करायचं? म्हणाले, गिळायची.

१४ मार्च, नाश्त्यानंतर
कॅप्सूल पांढरी, बोटाच्या पेराएवढी. हिनं तळहातावर ठेवली आणि गिळेपर्यंत समोरून हलली नाही. गिळण्याआधी वीररसाची एखादी ओळ म्हणावी म्हटलं. एकही आठवली नाही.
मेव्हणा काठी, ब्लेडं, डंबेल पिशवीत भरून घेऊन गेला. दारात थांबून म्हणाला, भावजी, वाटलं तर मला चार ठोसे मारा, पण ही कॅप्सूल रोज घ्या.
डोळे भरले होते त्याचे. नाक अजून दुखत असणार.