ओवलेल्या सुया

प्यारी रुक्सार,

सलाम. मी बरा हाय, अम्मीला तसंच सांग. जेवण दोन टाइम बराबर मिळतं.

अब्बांच्या मिट्टीला, कबरीवर माती द्यायला, पोचलो न्हाई. तुझा फोन आला तवा आमचं जहाज भर समुद्रात होतं. इथं बडे लोक पाच दिवस हौसेनं फिरायला येतात. त्यांना जुन्या काळासारखं शिडाचं जहाज पायजे. चालतं ते इंजिनावर, शिडं फोटोसाठी उघडतात. फाटली की मी शिवतो. त्या दिवशीबी शिवतच बसलो. टाके सरळ आले. रडू अजून आलं न्हाई.

एका पाहुण्या बाईनं विचारलं, शिवण कुठं शिकलास? म्हणलो, कळमनुरीत माझ्या अब्बांचं दुकान हाय. तोंडातून ‘हाय’च निघालं.

अम्मी इद्दतीत चार महिने दहा दिवस घरातच बसून असंल. तिच्या गुडघ्याला तेल लावतीस ना?

पुढचं तिला वाचून दाखवू नको. अब्बांना सुईचं नेढं दिसत नव्हतं. म्हणून निघताना मी वीस सुयांत दोरा ओवून दुकानातल्या उशीला टोचून ठेवल्या होत्या. त्यातल्या किती राहिल्या, तेवढं बघून कळव. संपल्या असतील तर कळवू नको.

तुझा भाऊ,
कलीम