फौजदाराची उन्हाळी

नाशिक,
१७ एप्रिल २०२५

सौ. उज्वलाताई यांस,
यादवचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तुमचा कांदा एव्हाना चाळीत पडला असेल. पत्र बघून नवल वाटेल, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणतो. या वेळी मला नाही म्हणायचं आहे. तुमच्या रविराजच्या हातीच देतोय. त्याने वाचू नये म्हणून पाकीट चिकटवलं आहे.

रविवारी तुम्ही फौजदाराला देवळ्याला न्यायला येणार आहात. तुम्ही जेवायला जरूर या. कुत्रा मात्र नेऊ नका.

झालं असं. गेल्या आठवड्यात फौजदार घरात थेंब थेंब करू लागला. मेहुणीला लिहावा असा हा विषय नाही, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. मला वाटलं, मुद्दाम करतो. नऊ वर्षांत आमचं दोघांचं कधी जमलं नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. मी त्याचं पाणी कमी केलं. वीज मंडळात तीस वर्षं काढल्यावर पुरवठा तोडणंच आधी सुचतं.

मग बाहेर नेलं की तो प्रत्येक खांबाशी पाय वर करून उभा राहायचा. बराच वेळ. यायचं जेमतेम थेंबभर. शेजारचे कारभारी बघून म्हणाले, "यादवराव, याला उन्हाळी लागलीय. सब्जा पाजा." मी सब्जा भिजवून पाजला. मी आणलेली भाजी मीना जशी उलटसुलट करून बघायची, तसं त्याने वाटीकडे बघितलं. कारभाऱ्यांच्या घरून निरोप आला, की कुत्रं मालकिणीसाठी झुरतंय, औषधाची गरज नाही. मी दोन्ही खरं मानलं.

सोमवारी संध्याकाळपासून एक थेंब नाही. मंगळवारी सकाळी तो भाकरीला तोंड लावेना, पोट दगडासारखं, बसला की कण्हायचा. कारभारी म्हणाले, "उद्यापर्यंत बघू."

बघू म्हटल्यावर मी चप्पल घातली.

रिक्षावाले कुत्रा घेईनात. शेवटी कारभाऱ्यांनी अ‍ॅक्टिव्हा काढली. मी मागे, आमच्या मधे मीनाच्या शालीत गुंडाळलेला अठ्ठावीस किलोंचा फौजदार. सिग्नलला एका बाईंनी विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?" कारभारी म्हणाले, "दवाखान्यातच नेतोय."

डॉक्टर तृप्ती नावाची मुलगी आहे, आमच्या सायलीच्या वयाची. भरल्या दवाखान्यात तिने विचारलं, "काका, धार येते की थेंब?"

मी म्हटलं, "पूर्वी यायची."

"तुमचं नाही, त्याचं विचारतेय."

"त्याचंच सांगतोय."

रक्त दिसलं का, किती वेळा जातो, शेवटची कधी झाली, सगळं तिने मोठ्याने विचारलं आणि मी खाली बघून सांगितलं. कोंबडी घेऊन बसलेले एक गृहस्थ मान हलवत होते. मग ती म्हणाली, "नळीत खडा अडकलाय. नर कुत्रा कुंथतोय आणि लघवी होत नाही, म्हणजे त्याच तासाला आणायचं. उद्यापर्यंत राहिला नसता. आणि पाणी कधीही तोडायचं नाही." तिने नळी घालून मोकळं केलं. मूत्राशयात आणखी खडे आहेत, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

आज नळी काढली. बाहेर येताच त्याने कारभाऱ्यांच्या नुकत्याच धुतलेल्या अ‍ॅक्टिव्हाच्या चाकावर पाय वर केला. धार होती, ताई. दवाखान्यातले सगळे दारात येऊन बघत होते. मी रुमाल काढला तर कारभाऱ्यांना वाटलं चाक पुसायला. म्हणाले, "राहू द्या, त्याला अजून एक चाक बाकी आहे."

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

मागच्या उन्हाळ्यात मीनाही सब्जा पीत होती. मी एकदा विचारलं. म्हणाली, उन्हाळी लागलीय, होईल बरी. मी म्हटलं, बघू. रंग कसा आहे, रक्त आहे का, बायकोला कसं विचारायचं ते मला कळलं नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी रक्ताचं विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता हो म्हणाली. कुत्र्याचं मी वीस माणसांसमोर सांगितलं.

दशक्रियेला रामकुंडावर कावळा शिवत नव्हता. तुम्ही हात जोडून म्हणालात, "मीना, फौजदाराला मी नेते," आणि कावळा आला. तो तुमच्या शब्दावर आला असं सगळे मानतात, म्हणून तुम्ही कुत्रा नेल्याशिवाय राहणार नाही. पण त्याच वेळी मीही मनात बोललो होतो. "मीना, मी विचारायला हवं होतं."

कावळा कोणाच्या शब्दावर आला, मला माहीत नाही. तुमचा शब्द माझ्याकडे द्या. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर नेतो, उभा राहून नीट बघतो, आणि वहीत लिहितो.

नीट विचारायला उशिरा शिकलेला,
यादव

ता. क. तुमची तब्येत कशी आहे? नुसतं "बरी" असं लिहू नका.