बाबांचा पाय

ताडकळस, रविवार, दिवेलागण

आज वस्तीतली मयत पहिल्यांदाच नव्या रस्त्यानं स्मशानात गेली. "पोरी, तुझ्या व्हिडिओनंच झाला ह्यो रस्ता," सगळे म्हणायलेत. झाला, खरंय. बाबांची मयत कमरेएवढ्या ओढ्यातून नेताना मी मोबाईल धरला होता. चादरीतून निसटलेला त्यांचा पाय पाण्याला लागत होता. तोच पाय जिल्हाभर फिरला, तेव्हा कुठं खडी पडली. बरं केलं का मी? रस्ता बघितला की हो वाटतं. डोळे मिटले की तो पाय.

आईला व्हिडिओ कधी दाखवला नव्हता. आज शेजारणीनं दाखवला. "अगं, त्यांचा पाय भिजायलाय की," म्हणत आई पदरानं मोबाईलची काच पुसायला लागली. तिचं बोट लागलं, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.