हिरूची पोरं आणि खाडीचा बांध

४ मार्च १९६६, उलवे
पाळणा लांबवायला लूप बसवायचं शिबिर एकदाचं झालं. पनवेलच्या डॉ. बाई जीपने आल्या. खाडीकाठचं खाजण, म्हणजे चिखलाची जमीन, सुकलंय म्हणून जीप निदान गावापर्यंत पोचते. केंद्राची नर्स म्हणून महिनाभर मी घरोघर फिरले, आणि बायका आल्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण हिरू आली, पांडूची बायको. मला काळजी होती ती हिचीच. मागच्या बाळंतपणात रक्त थांबेना, तेव्हा होडीत घालून पनवेलला निघालो होतो आणि मधेच ओहोटी लागली. होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत मी तिचं पोट दाबून बसले होते. पुन्हा दिवस राहिले तर वाचेल असं वाटत नाही. डॉ. बाईंचंही तेच मत.
लूप बसवून झाल्यावर हळूच म्हणाली, "बाय, घरी सांगू नको."
नाही सांगणार. दोन मुली, धाकटा मुलगा. पुरे की.
डॉ. बाई नाराज. "तुम्ही समजावण्यात कमी पडता." असेन.

२० मार्च, रविवार
हे काल पनवेलहून आले. शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे माझं काम यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं! जेवताना म्हणाले, "जमीन ताणून वाढत नाही. तोंडं वाढत जातात. देश पुढे जायचा तर आधी हे थांबलं पाहिजे." पटलं. हेच उद्यापासून सांगायचं, सोप्या शब्दांत.
संध्याकाळी परत गेले. भरती गाठायची होती म्हणून नीट बोलणंही झालं नाही.

२ एप्रिल
गंगूकडे गेले होते. हिरूची थोरली जाऊ. पाच मुलगे, सगळे हाताशी आलेले. भिंतीला लावायचं चित्र दाखवलं: छोटं कुटुंब, हसरं, मोठं कुटुंब, रडवं. गंगूने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.
"घर हाय, आई हाय, बाप हाय. बांध खय हाय?"
"कसला बांध?"
"आमचा. ह्या चित्रातला गाव समुद्रानं कवाच खाल्लानी असंल."
सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. दुसरं करणार काय.

९ मे
आज बांध प्रत्यक्ष पाहिला, काम चालू असताना. वाईला आमच्याकडे बांध म्हणजे दोन शेतांमधली वरवंडी. इथे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची जमीन, आणि जमीन पाण्यापेक्षा खाली! हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 
ज्याची जेवढी जमीन तेवढा बांधाचा तुकडा त्याने राखायचा, असा गावाचा रिवाज. गंगूच्या घरचे सहा पुरुष ओळीने उभे राहून चिखलाची ढेकळं एकमेकांकडे फेकत होते. गाणं म्हटल्यासारखं. त्यांच्या शेजारी पांडू एकटाच. ढेकूळ कापायचं त्यानेच, वाहायचं त्यानेच, थापायचं त्यानेच. हिरू डोक्यावरून टोपल्या आणत होती. तिला ओझं उचलू नको म्हणून मीच सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि टोपली उचलली.


१७ ऑगस्ट
बांध फुटला. अमावास्येचं उधाण, वरून पाऊस. फुटला तो पांडूच्याच तुकड्यात.
पहाटे आरडाओरड ऐकून धावले. पाणी लावलेल्या भातात शिरत होतं. त्याचा आवाज फार मोठाही नव्हता. ओहोटीला सगळा गाव त्या भगदाडावर तुटून पडला. माणसं, बायका, म्हातारे. मीसुद्धा पदर खोचून चिखलात. दुपारच्या भरतीने केलेलं सगळं नेलं. दुसऱ्या ओहोटीला पुन्हा. शेवटी पांडूने आपली होडी आणली, दगड-मातीने भरली आणि भगदाडात आडवी घालून बुडवली. त्याची एकुलती एक होडी. तिच्यावर ढेकळं रचली तेव्हा कुठे पाणी थांबलं.
हात होते म्हणून गाव वाचलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

२३ ऑगस्ट
भात पिवळं पडलं. खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन वर्षं तरी पीक नाही म्हणतात. पांडूला तोंडावर कोणी बोलत नाही, पाठीमागे सगळे बोलतात. "एकट्यानी किती करावा?" हे दयेने म्हणतात की दोष म्हणून, ते मला कळत नाही. त्याला कळत असावं. तो मान वर करत नाही.

११ सप्टेंबर, रविवार
अजबच. आज पाच बायका आपणहून आल्या. लूप कधी बसवणार म्हणून विचारायला. एरवी मला बघून आत जाणाऱ्या! एक म्हणाली, "या वरसाला तांदूल नाय, पुढल्याला नाय. आनखी एक पोर आला तं त्याला काय मीठ चारू?"
डॉ. बाईंना कळवलं. खूश होतील, मी समजावलं असं त्यांना वाटेल. मी कुठलं समजावलं? समुद्राने समजावलं.

१४ सप्टेंबर
गंगूचे दोघे मुलगे बांध फुटल्यावर न्हाव्याच्या बंदरावरून लाँचने मुंबईला गेले होते. गोदीत काम मिळालं, पहिले पैसेही आले. गंगू म्हणते, "पाच हायत म्हनून दोन धाडले. तीन असते तं कोनाला धाडलां असतां?" तिच्या चुलीवर भात शिजतोय. ज्यांनी लूप मागितला त्यांच्या नाही.
मग चित्रातलं कुठलं कुटुंब हसरं?

२ ऑक्टोबर
हे आले होते. सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर म्हणाले, "माणसाला एक तोंड आणि दोन हात असतात. हातांना काम असलं तर माणूस म्हणजे संपत्ती, नसलं तर भार."
"मग काम किती आहे ते बघून मूल जन्माला घालायचं?"
"तसं नव्हे..."
"आज जन्मलेल्याला बांधावर यायला पंधरा वर्षं लागतात. पंधरा वर्षांनी इथे काय असेल?"
"ते कोणाला ठाऊक!" म्हणाले. थोडे चिडले. मीही. पुस्तकात देश असतो, त्यात गंगू नसते. पण गंगूसारख्या पाच-पाच मुलांच्या आया सगळ्या देशभर झाल्या तर गोदी तरी किती जणांना पुरणार? म्हणजे हेही खोटे नाहीत, तीही नाही. 

६ नोव्हेंबर
हिरूचा मुलगा तापाने फणफणला होता. चार दिवस तिथेच होते. आज उतरला ताप. हिरू त्याच्या उशाशी बसून नुसती बघत होती. मी म्हटलं, "झालं, वाचला की."
"या येळेला," म्हणाली.

२५ नोव्हेंबर
शेतात कोणी साहेब लोक आले होते. तिवईवर दुर्बीण, लाल-पांढरे बांबू. जमीन मोजत होते. का, ते सांगेनात. गावात नुसती चर्चा: खाडीवर पूल होणार, मुंबई इकडे सरकणार, जमिनी घेणार.
पांडू म्हणाला, "जमीनच जानार असंल तं बांध कोनासाठी?"
गंगू म्हणाली, "जमीन गेली तं पोरां तरी पायजेत."
एकाच ओट्यावर बसून.

१८ डिसेंबर
हिरू आली. दार लोटून घेतलं. "बाय, ती लूप काढ."
मी सरळ नाही म्हटलं. मागच्या बाळंतपणाची आठवण करून दिली. ऐकून घेतलं तिने.
"मना सगला ठावं हाय. रगत माजाच होतां."
"मग?"
"एका पोरावर घर उभा राहत नाय. ताप आला तवा बगलास ना तू? उद्या काय झालां तं? पोरी लगीन होऊन जातील. ह्यो मानूस बांधावर एकटा, मुंबैला गेला तं एकटा."
"आणि तू मेलीस तर?"
"तं दुसरी येल." अगदी साधेपणाने.
माझा आवाज चढला. म्हटलं, आधी पांडूला सांग. त्याला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. खरं तर वेळ काढत होते. लूप काढणं अवघड नाही, मला येतं. म्हणूनच भीती वाटली.

२ जानेवारी १९६७
सांगितलं तिने. आज पांडू केंद्रावर आला. मला वाटलं भांडेल, बायकोला फसवून लूप बसवला म्हणेल. दारातच उभा राहिला.
"बाय, ती काय हाय ती तशीच ठेव."
"तुम्हाला मुलगा नको?"
"पायजे. पन त्या दिवशी होडीत मी पन होतो. वल्हां हातात घेऊन नुसता बसलेलो. चिखलात वल्हां चालत नाय." मग म्हणाला, "मना ती जिती पायजे."
त्याच्या मागोमाग हिरू आली होती, मला दिसली नव्हती. ती म्हणाली, "तू उगा बोलू नको. पोट माजा हाय."
नवराबायको माझ्यासमोर भांडली. तो तिला वाचवू बघतोय, ती घराला. आणि दोघंही माझ्याकडे बघत होती, जणू मी मामलेदार. म्हटलं, घरी जा, उद्या बोलू. 

९ जानेवारी
हिरू, पांडू, पोरं, सगळीच मुंबईला गेली. घराला कडी. तिकडे गंगूचे मुलगे राहतात त्याच खोलीत राहणार. उद्या बोलू म्हटलं ते राहिलंच, हिरू मला सांगूनही गेली नाही. लूप आहे तसाच.
डॉ. बाईंनी विचारलं, बसवलेल्या बायका बऱ्या आहेत ना? हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी
हे म्हणाले, आता शाळेत धडा शिकवताना अडखळायला होतं. मुलांना लोकसंख्या सांगताना मधेच थांबलो, एका मुलाने विचारलं, "सर, पुढे?" सांगताना हसत होते, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. मला बरं वाटलं. निदान आता दोघंही एकत्र चाचपडतोय.

१२ मार्च
गंगूचा थोरला मुलगा मुंबईहून सुट्टीवर आला. केंद्रावर येऊन म्हणाला, "हिरूकाकीनं तुमाला बोलावलंय. एकदा येऊन जा म्हनाली."
"कशासाठी? बरी आहे ना?"
"बरी हाय. कामाला जाते, मासली सुकवायच्या तिथं."
"आणखी काही म्हणाली?"
लाजला. पुरुषमाणूस, काय सांगणार! "खोलीत आमी एवडी मानसां झोपताव की कूस बदलायची तं सगल्यांना उठवायला लागतां. तिथं कोन कोनाला काय सांगनार, बाय?"
दिवस राहिले असतील? लूप असतानाही राहतात कधी कधी. की नुसता काढून हवा आहे? की त्या खोलीत राहून मन पालटलं, आणि राहू दे एवढंच सांगायचं आहे? एवढ्यासाठी कोणी माणूस धाडत नाही. पण हिरूचं काय सांगावं.
यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, डॉक्टरकडे पाठव. गंगूला विचारलं असतं तर... तिला विचारलंच नाही.
एक दिवसाची रजा मागितली आहे. सकाळी न्हाव्याहून लाँच आहे. पत्ता एवढाच: गोदीमागची चाळ, नळासमोरची खोली. पिशवीत हातमोजे ठेवले, उकळलेला चिमटा फडक्यात गुंडाळून ठेवला, आणि रक्त थांबवायचं इंजेक्शनही. लूप काढायला जाते आहे की नको म्हणून सांगायला, ते मी ठरवलेलं नाही; आधी हिरूचं ऐकेन.