मधमाश्यांनी माझ्याकडे बघून जीभ काढली

सौ. ताईस साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे). तुझं कोपर आता कसं आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी मजेत नाही. माझा नुसता जळफळाट चालला आहे, आणि कुणामुळे, तर माश्यांमुळे.

तुला ठाऊकच आहे, आमच्या साबणाच्या कारखान्यात तेलाचं पिंप आलं की आधी माझ्यापुढे येतं. मी कागदाची पट्टी बुडवतो, डोळे मिटून हुंगतो आणि ‘चालेल’ किंवा ‘खवट’ एवढंच म्हणतो. तोवर मोठे साहेबसुद्धा श्वास रोखून उभे असतात (निदान मला तसं वाटत आलं आहे). अशा ठिकाणी तुझी लेक, माझी सख्खी भाची, शिकूनसवरून खोकंभर मधमाश्या घेऊन आली. साहेबांनी माझ्याच खोलीतलं उजेडाचं टेबल तिला दिलं आणि माझी खुर्ची कपाटाला टेकवली.

म्हणे, मधमाशीला नाक नसतं. डोक्यावरच्या शृंगिकांवर आणि पायांवर बारीक केस असतात, त्यांत प्रथिनं असतात आणि एकेक प्रथिन आपापला रेणू बरोबर हेरतं. लगेच मेंदूला खबर. म्हणजे ही बया साखरेच्या पाण्यात पाय ठेवून चव घेते (मी कशात पाय ठेवला तर घरी पायपुसणं दाखवतात). भाची त्यांना नळ्यांत बसवते, मान तेवढी बाहेर. खवट तेलाचा वास द्यायचा, मागोमाग शृंगिकेला साखरपाणी लावायचं. असं काही वेळा केलं की पुढे नुसत्या खवट वासावरही माशी जीभ काढते. परवा साहेब एका माशीला ‘शाब्बास’ म्हणाले. माझ्या नाकाला आजवर कुणी शाब्बास म्हटलेलं नाही, ताई. फार लागलं मला ते.

मग मीच सामना मागितला. साहेबांनी ठरवलं, हरेल त्याने खोली सोडायची. पहिल्या पट्टीला मी ‘चालेल’ म्हणालो, माश्या गप्प. दुसरीलाही मी ‘चालेल’ म्हणालो, तर सगळ्यांच्या जिभा बाहेर. प्रयोगशाळेत तपासलं, तेल खवट निघालं. माझा विश्वास बसेना. ह्यांच्यात एवढं आहे तरी काय, म्हणून जवळ वाकून बघायला गेलो, तर पट्टी नाही, तेल नाही, तरी अख्ख्या रांगेने माझ्याकडे बघून जीभ काढली. मी मागे सरलो, जिभा आत. पुन्हा वाकलो, पुन्हा बाहेर. साहेब खिडकीकडे वळून हसायला लागले. मला वाटलं, पोरीने शिकवून ठेवलंय.

ती हळूच म्हणाली, “मामा, मिशीला काय लावता?”

आता, हुंगणाऱ्याने अंगाला सुगंध लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला कडक नियम. म्हणून मी बिनवासाचं तेल लावतो. फार वर्षांपूर्वी मोठी बाटली घेतली होती, ती अजून पुरतेय. ते तेल कधी खवट झालं, ते नाकाखालीच राहत असल्यामुळे नाकाला कळलंच नाही. उलट खवट पिंप आलं की मला घरच्यासारखं वाटायचं.

तर माझी खुर्ची आता व्हरांड्यात आहे. तुझ्या लेकीला आशीर्वाद सांग, पण मी सांगितला म्हणू नकोस.

तुझा धाकटा भाऊ (खुर्चीसकट बाहेर)

ता. क. मिशी काढली. पुन्हा एकदा सामना घे, असं तिला तू सांग. मामाने स्वतः विनवणी करणं बरं दिसत नाही. आणि सकाळी माश्यांना पोटभर साखरपाणी पाजायला सांग. मुक्या जिवांची मला काळजी वाटते. (पोट भरलेली माशी सहसा जीभ काढत नाही, असं तीच म्हणाली होती, पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

आणखी ता. क. मिशी काढून घरी गेलो, तर बायको चहा घेऊन माझ्या शेजारी बसली. एवढी वर्षं ती लांब, दारापाशी बसायची. मला वाटायचं, वाऱ्यासाठी बसते. ह्याबद्दल तुला काही ठाऊक असेल, तर कृपा करून कळवू नकोस.