नटावरची लाल रेघ

रहमानचाचा, सलाम.

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, काल तुमचा चाळिसावा होता. मी मुद्दाम उशिरा आलो, लोक जेवून उठल्यावर. चाचींनी मला दारातच थांबवलं, आत गेल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं तुमचं बूस्टचं, टर्बोच्या हवेचा दाब मोजायचं मीटर आणून माझ्या हातात दिलं. त्याच डब्यात त्यांची नेलपॉलिशची बाटली होती. आतला रंग वाळून खडा झाला होता. मग चाचींनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकली, म्हणून लिहायला बसलो.

नऊ वर्षं तुमच्यासमोर ब्र काढला नाही आणि आता कागदावर बोलतोय. माणूस गेल्यावर शूर व्हायला काय लागतं!

ही बाटली मी कशी विसरेन? अमडापूरच्या स्टँडवर टर्बोच्या जीपा आल्या तेव्हा पंचक्रोशीत त्यांचं बूस्ट जुळवणारे तुम्ही एकटे. मी तिशीचा, दोन पोरांचा बाप, शेतीत भागेना म्हणून तुमच्या हाताखाली आलेला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, हवा जास्त झाली की एक छोटी झडप उघडते आणि टर्बोला फिरवणारा धूर बाजूने सोडून देते, त्या झडपेला एक दांडी असते, दांडीच्या टोकाला आटे आणि ते जखडणारा नट असतो. टोक आत फिरवलं की दांडी आखूड होते, झडप उशिरा उघडते, हवेचा दाब वाढतो, गाडी ओढायला लागते. इतकंच तर काम. पण तुम्ही ते नमाजासारखं करायचात. आधी अर्धा फेरा. मग मीटर लावून घाट चढायचा. मग बॉनेटवर हात ठेवता येईपर्यंत थांबायचं. मग वाटलंच तर आणखी अर्धा.

आणि शेवटी चाचींच्या नेलपॉलिशची एक रेघ, नटावरून थेट दांडीपर्यंत. कोणी नट हलवला तर रेघ तुटणार. स्टँडवरचे ड्रायव्हर बॉनेट उघडून ती रेघ एकमेकांना दाखवायचे. चाचाची रेघ आहे म्हटलं की विषय संपला.

तीच रेघ मी तोडली, चाचा. आणि वरून परत काढली.

तुम्हाला तो हंगाम आठवतो का? सगळ्या गावानं बीटी कपाशी लावली होती. आधीच्या वाणांचा कापूस टप्प्याटप्प्यानं फुटायचा. हा सगळ्या शिवारात एकदमच फुटला, आणि वेचायला बाई मिळेना. घाटाखालून बाया आणायला संतोषची जीप रोज सकाळी जायची. पूर्ण भरली की घाटात दम टाकायची, म्हणून तो अर्ध्या अर्ध्या बाया दोन खेपांत आणायचा. दुसरी खेप वावरात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. आमचं पाच एकर पांढरंफेक होऊन बोंडं लोंबत होती, त्यात आभाळ आलं. माझा बा वावराच्या धुऱ्यावर बसून नुसता वर बघायचा.

मी तुमच्या पाया पडायचाच बाकी राहिलो होतो. "चाचा, एक फेरा वाढवा नं. एकाच खेपेत बाया आल्या त दोन दिवसांत वावर मोकयं होते."

तुम्ही हात पुसत म्हणालात, "तुह्या बाचा कापूस वल्ला झाला त वाळन. इंजनचा दम गेला त वापस येत नाई. अन् बाया हायेत त्याच्यात गजा, कापसाचे बोरे नाईत."

खरं सांगू? मला तुमचा राग आला. इतका राग मला कधी कोणाचा आला नव्हता. वाटलं, ह्या माणसाला वावर नाही, ह्याला काय कळणार आभाळ आलं की झाडावरच्या कापसाचं काय होतं ते! तुम्ही रोहिणखेडहून एक पेटी घेऊन आलेले, तुमची शेती म्हणजे तो पाना.

शुक्रवार होता. जीप आपल्याकडेच उभी होती. तुम्ही जुम्म्याला गेलात, आणि मी दुपारच्या लख्ख उन्हात नट सैल केला. अर्धा फेरा नाही, दोन पूर्ण फेरे. डिझेलही वाढवलं. मीटर लावलं नाही, घाट चढून पाहिला नाही. बाजारात बांगड्यांच्या दुकानातून लाल नेलपॉलिश आणली आणि तुमची रेघ तुमच्यासारखीच काढली. सांगायचीच लाज वाटते. रेघ झकास जमली म्हणून मी खूश झालो होतो.

शनिवारी संतोष एकवीस बाया एका खेपेत घेऊन आला. "आज त जीप उडूनच राह्यली बे! चाचानं मनावर घेतलं वाट्टे!"

मी मान डोलावून म्हणालो, "हाव."

एवढ्या एका 'हाव'वर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. त्या संध्याकाळी तुम्ही चहा प्यायला बोलावलंत, तेव्हा तरी सांगायचं होतं. तुम्ही पाना डोक्यात घातला असता, शिव्या दिल्या असत्या, आणि रविवारी सकाळी जीप निघण्याआधी नट जागेवर आणला असता. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

रविवारी घाटाच्या मध्यावर टर्बोनं जीव सोडला. त्याचं ऑइल इंजिनात शिरलं आणि इंजिन डिझेल सोडून त्या ऑइलवरच पळायला लागलं. संतोषनं चावी काढली तरी बंद होईना! किंचाळल्यासारखा आवाज, पांढरा धूर, मागच्या बायांना कोणी काही सांगेना. गाडी पेटली असं वाटून त्यांनी उड्या टाकल्या. संतोषनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दरीत गेली नाही. बाकीच्या खरचटण्यावर निभावल्या. त्यातल्या लीलाबाईची कंबर मोडली. ती आजही फरपटत चालते.

जीप ओढून आपल्या गॅरेजपुढे आणली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. तुम्ही बॉनेट उघडलं, बॅटरीचा उजेड टाकून वाकलात आणि नटावरची रेघ निरखलीत. मी मागे पाना घेऊन उभा होतो. मग तुम्ही सरळ झालात, हात पुसले आणि म्हणालात, "निशाणी माही हाय. जे बोलाचं ते मले बोला."

लोक बोलले हो! काय काय बोलले! तुमच्या दाढीला बोलले, तुमच्या जातीला बोलले. मी हातातला पाना पुसून पेटीत ठेवला. करावं तसं भरावं म्हणतात ना? मी केलं आणि तुम्ही भरलं.

त्यानंतर एकही बाई कुठल्या जीपमध्ये बसायला तयार होईना. चार दिवसांनी पाऊस आला आणि आमचं पाच एकर झाडावरच काळं पडलं. ज्याच्यासाठी केलं ते असं गेलं. बाला वाटलं नशीब फुटकं. त्यालाही मी सांगितलं नाही.

पुढचं तर तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला ते लिहून काढू द्या. ड्रायव्हर तुमच्याकडे यायचे बंद झाले. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि ते सगळे माझ्याकडे आले! "गजाननचं काम इमानदारीचं," म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. इंजिनाचा आवाज ऐकून दाब सांगणारा माणूस शेवटी फवारणीचे पंप दुरुस्त करत बसला. आता त्याच बीटीत गुलाबी अळी शिरली आहे, पंपांना कमी नाही. तुमच्या ओट्यावर त्यांची रांग असायची आणि मी मान खाली घालून मोटारसायकल दामटत पुढे जायचो. तुम्ही हाक मारायचात, "गजा, चाय पिऊन जाय!" दर वेळी मला घाई असायची.

मी समजत होतो, तुम्हाला कळलंच नाही. स्वतःचीच चूक समजून बसलात, असं मी नऊ वर्षं धरून चाललो. त्यावरच तर माझी झोप टिकून होती.

आणि काल चाची म्हणाल्या, "त्या रोजी ते घरी आले अन् माही बाटली मांगतली. आंगठ्याच्या नखावर एक रेघ मारली अन् दारात उन्हात धरून पाह्यली. म्हणे, 'आपला लाल गह्यरा हाय. तिथला भडक हाय. थे गजाची रेघ हाय.' म्या म्हटलं, मंग तुमी काऊन सोतावर घेतलं? म्हणे, 'तो सांगन. आज नाई त उद्या सांगन. म्या सांगतलं त त्याले सांगाचं काई राहनार नाई.'"

मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाबा, तू चाय प्याले काऊन नाई आला रे?"

काय केलंत हे, चाचा! मला चारचौघांत कानाखाली मारली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. तुम्ही मला माफ केलं नव्हतं, तुम्ही नुसती वाट बघत होता. त्या प्रत्येक हाकेत तुम्ही मला जागा करून देत होता आणि मला ती नुसती चहाची हाक वाटली. तुम्ही हट्टी होतात, अर्ध्या फेऱ्याच्या वर कधीच गेला नाहीत. पण माणूस म्हणजे इंजिन नव्हे, चाचा. एकदा, फक्त एकदा, मला गचांडी धरून विचारायचं होतं. नाही का? की मी अजूनही तुमच्यावरच ढकलतोय? ढकलतोयच. सवय झाली आहे.

गेल्या वर्षी लीलाबाईच्या अंगणात बसलो होतो. तिच्या पोराचा ऑटो बघायला गेलो होतो. तिनं चहा दिला आणि कंबर धरून बसता बसता म्हणाली, "त्या रहमान मिस्तरीच्या हाताले किडे पडो!" मी कप खाली ठेवला नाही. चहा संपवला, चाचा. साखर चांगली होती, हेसुद्धा आठवतं.

तुमची हाक आता कोणी मारणार नाही. म्हणून हे लिहून देतो. उद्या सकाळी आधी घाटाखाली जाईन, लीलाबाईच्या अंगणात, आणि चहाच्या आधी सांगेन. तिथून स्टँडवर, संतोषसमोर आणि सगळ्यांसमोर. गॅरेजला कुलूप लागलं तर लागू दे. तिनं तुमच्या हातांना दिलेला शाप माझ्या हातांना लावून घेतल्याशिवाय मी अमडापूरला परत येणार नाही. आणि स्टँडवरून निघालो की थेट तुमच्या ओट्यावर. चाचींना म्हणेन, चाची, चाय टाका, मी आलो.

नऊ वर्षं उशीर करणारा,

तुमचा गजा